नदीचा वाटा

टीव्हीवर फुटबॉलची मॅच लागली की नातवंडं मला हाका मारतात. "आजी, ये ना, तुला तर सगळं समजतं." समजतं, म्हणूनच मी जात नाही. पंचाची शिट्टी ऐकली की अजूनही माझं डोकं सणकतं. सून म्हणते, "आई, एवढ्या जुन्या गोष्टीचा काय राग धरायचा? शेवटी तुम्ही मास्तरीण झालातच की." झाले. पहिलीच्या पोरांना पाढे शिकवले आणि चूल, लेकरं सांभाळून बाहेरून परीक्षा देत देत पदवीही घेतली. पण मला कॉलेजात जाऊन गणित शिकायचं होतं. फळ्यासमोर बसून, शिकवणाऱ्याला प्रश्न विचारून. ते माझ्या हातून कसं गेलं, हे मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला घेतलं की लोक हसतात. फुटबॉलमुळे, म्हटलं की हसतातच.

आमचं गाव सावलीकडचं, वैनगंगेच्या काठावर. तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. आम्ही ढिवर. तलावातली, नदीतली मासोळी धरायची आणि थोडीफार धानाची शेती करायची, असं आमचं घर. बाबा जाळी विणण्यात पटाईत. ब्रह्मपुरीपर्यंतचे लोक त्यांच्याकडून जाळं नेत. मला आणि दादाला मामानं शिकायला ब्रह्मपुरीला नेलं होतं. दादा माझ्याहून मोठा, पण मॅट्रिकला आम्ही एकाच वर्षी बसलो, कारण मधलं त्याचं एक वर्ष फुटबॉलनं खाल्लं होतं. त्याबद्दल त्याला कोणी बोललं नाही. मी नापास झाले असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते.

दादा खेळायचा मात्र असा, की बघत राहावं. धान कापल्यावर शेताच्या बांधीत टोकदार खुंट उरतात, त्यांवर अनवाणी धावून त्याच्या पायांची कातडी पखालीसारखी झाली होती. चेंडू त्याच्या पायाला चिकटूनच असायचा. त्याचं नाव चांद्यापर्यंत गेलं आणि मॅट्रिकच्या वर्षी, हिवाळ्याच्या सुटीत आम्ही गावी आलो असताना, आमच्या घरी दोन कॉलेजांची माणसं येऊन गेली. एक नागपूरचं, एक हैदराबादचं. फी माफ, राहणं-खाणं कॉलेजचं, फक्त पोरगा आमच्याकडून खेळू द्या.

आता माझं ह्यात काय होतं, ते सांगते. मला पुढं शिकायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले होते, "एकटी पोर धाडत नाई. भाऊ जिथी जाईन, तिथी तूबी जाय." नागपुरात मावशी होती. तिच्या घरात तिचे दोन तरणे दीर, म्हणून मी एकटीनं तिथं राहायचं नाही, पण दादा सोबत असला तर चालेल. माझ्या खर्चाचं मामा बघणार होता. हैदराबादेत आमचं काळं कुत्रंही नव्हतं. म्हणजे दादा नागपूरला गेला तर मी कॉलेजात, दादा हैदराबादला गेला तर मी घरात. इतकं सरळ गणित होतं ते. घरातल्या प्रत्येकाला ते येत होतं आणि एकानंही सोडवायचं मनावर घेतलं नाही.

नागपूरचा माणूस गळ्यात शिट्टी घालूनच आला होता. त्यानं कपांच्या रांगेसमोर उभ्या असलेल्या पोरांचा फोटो दाखवला आणि तो आमच्या भिंतीवर लावून गेला. हैदराबादचा माणूस हुशार निघाला. त्यानं मायसाठी लाखेच्या बांगड्या आणल्या. "माँजी, हमारे यहाँ तो बच्चा बच्चा गेंद से खेलता है," म्हणाला. बांगड्या हातात भरल्या त्या दिवसापासून माय हैदराबादची झाली. दोघांनीही एक शब्द पुन्हा पुन्हा वापरला: परंपरा. आमच्या कॉलेजची फुटबॉलची परंपरा. इंग्रजांच्या पलटणीला आम्ही हरवलं होतं, निजामाच्या हातून आम्ही ढाल घेतली होती. कॉलेजात शिकवतात काय, हे दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही. विचारलंही कोणी नाही. मी विचारलं. चहा देता देता नागपूरच्या माणसाला विचारलं, "गणिताला शिकवणारे कसे आहेत?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं आणि हसला.

मग गावात चर्चा सुरू झाली. तलावाच्या पाळीवर संध्याकाळी म्हातारे बसत आणि आमच्या दादाचं कॉलेज ठरवत. ह्यातल्या एकानंही शाळेची पायरी चढलेली नव्हती, त्याचा मला राग नाही. राग ह्याचा आहे की कॉलेज म्हणजे तलाव, असं धरून ते बोलत होते. "मोठी मासोळी जुन्याच तलावात राह्यते, भाऊ. नव्या लहानशा बोडीत काय भेटन, चिंगळ्या?" म्हणून कोणाची परंपरा जुनी, तिकडे पोरगा टाकावा. एक म्हणे नागपूर जुनं, दुसरा म्हणे हैदराबाद. एका म्हाताऱ्यानं तर शपथेवर सांगितलं की हैदराबादेत लोक जन्मतात तेच चेंडू घेऊन. मी डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन तिथूनच जात-येत होते. कोणाच्याही डोक्यात आलं नाही की ह्या पोरीचंही काही ठरतं आहे.

दादाला सगळं कळत होतं. मला एकटीला गाठून तो म्हणायचा, "तू काऊन जीव जाळते? मी नागपूरच म्हणतो." पण पाळीवर बसला की तोंडातून शब्द नाही. मान खाली, पायानं खडा इकडून तिकडं. मैदानावर चार जणांना चुकवून जाणारा माझा भाऊ चार म्हाताऱ्यांपुढं उभा राहू शकला नाही. त्याच्यावर माझा जीव होता, आजही आहे, पण ते मी त्याला कधी माफ केलं नाही.

शेवटी बाबांनीच तोड काढली. होळीनंतर चांद्याला मोठ्या स्पर्धा व्हायच्या आणि त्या वर्षी दोन्ही कॉलेजांचे संघ येणार होते. बाबा पाळीवर म्हणाले, "वाद कायले पायजे? चांद्यात जे कॉलेज वर राहीन, त्याच्यात पोरगं." सगळ्यांना पटलं. न्याय झाला असं वाटलं सगळ्यांना. पोरीचं शिक्षण अकरा परक्या पोरांच्या पायांवर ठेवलं आणि म्हणे न्याय.

त्याच सुमारास स्पर्धा भरवणाऱ्यांचा बाबांना निरोप आला. आदल्या वर्षी गोलाला जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आत गेला की बाजूनं गेला, ह्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या. ह्या वर्षी अंतिम सामन्याला तरी जाळी लावायची होती, आणि जाळं म्हटलं की आमचे बाबा. सगळा गाव फुगला. परीक्षा संपवून मी घरी आले होते, मलाही कामाला लावलं. तागाची जाड सुतळी वळली, सालीच्या काढ्यात बुडवून पक्की केली, आणि बाबा, माय, मी अंगणात विणायला बसलो. जाळ्यातल्या एका चौकटीला आम्ही घर म्हणतो. मासोळीच्या जाळ्याची घरं बोटाएवढी, ही वितीएवढी. मला ते काम आवडलं, हे खोटं कशाला सांगू? रुंदीला किती घरं, उतार किती, मागं झोळ किती सोडायचा, हे सगळं मीच मातीत काडीनं काढून दिलं होतं.

दोन जाळी तयार होत आली आणि बाबांनी एकाच्या खालच्या कोपऱ्यात चार घरं न गाठवता मोकळी सोडली.

आमच्यात ती रीत आहे. नव्या जाळ्यात थोडी जागा उघडी ठेवायची, तिला नदीचा वाटा म्हणतात. पहिल्या दिवशी जी पहिली मासोळी येईल ती त्या भोकातून सोडून द्यायची, मग भोक शिवून टाकायचं, आणि पुढचं जे येईल ते आपलं. मासोळीच्या जाळ्यात ते भोक हाताएवढं असतं. ह्या जाळ्यात ते हंडा आरपार जाईल एवढं झालं.

मी म्हणाले, "बाबा, ह्याच्यात मासोळी थोडीच येनार हाय? बंद करा ते."

"नवं जाळं हाय."

"चेंडू निघून जाईन ना त्याच्यातून."

"पहिला गोल झाला का शिवून टाकू. नदीचा वाटा राखला नाई तं जाळं फाटते. तुले जास्त समजते का?"

समजत होतं. जास्तच समजत होतं. पण मायनं डोळे वटारले आणि मी गप्प बसले. जाळी गुंडाळून आम्ही बैलगाडीनं मूल गावाला गेलो, तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीनं चांद्याला. अर्धा गाव सोबत होता. दोन्ही कॉलेजांनी आपापले सामने जिंकले होते आणि अंतिम सामना त्यांच्यातच होता.

मैदानात बाया बसायची सोय एका गोलामागं, दोरीच्या पलीकडे होती. तो गोल आमच्या भोकवाल्या जाळ्याचा. बाबा दोरीच्या आत, खांबाजवळ सुई-सुतळी घेऊन बसले होते, कारण जाळ्याची जबाबदारी त्यांची. मी त्यांच्या मागे, दोरीला लागून. उन्हं कलली होती, पण जमीन भाजत होती. नागपूरची पोरं बूट घालून होती, हैदराबादची बरीचशी अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून. खरं सांगायचं तर हैदराबादची पोरं चांगली खेळत होती. चेंडू जमिनीवरून, एकाकडून दुसऱ्याकडे, कापडात दोरा घालावा तसा. दादा दूर आमच्या गावच्या घोळक्यात होता आणि त्याच्या तोंडावरून मला दिसत होतं, त्याचं मन कुठं गेलंय ते. मी मनात नागपूर, नागपूर म्हणत होते. एवढी मी कधी देवाजवळ बसले नाही.

पहिला डाव संपायला आला असताना नागपूरच्या एका लुकड्या पोरानं उजवीकडून चेंडू पळवत आणला आणि तिरपा मारला. गोलकीपर झेपावला, त्याच्या हाताखालून चेंडू आत आला, खालच्या कोपऱ्यात गेला, मोकळ्या घरांतून सरळ बाहेर पडला आणि दोरीखालून घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला. धुळीनं माखलेला. मी तो उचलला. "गोल!" अशी मी ओरडले, की शेजारच्या बाया दचकल्या.

नागपूरची पोरं नाचायला लागली. हैदराबादचा गोलकीपर उठून ओरडत होता, "बाहर! बाहर से गया!" पंच जाडा होता, मागं राहिला होता. तो धापा टाकत आला तर चेंडू जाळ्यात नाही, माझ्या हातात. त्यानं जाळं पाहिलं. बाबा तोवर उठून उभे राहिले होते आणि खालचा कोपरा हातात धरून, जणू सुरकुती काढताहेत, असा आवळून उभे होते. पंचानं त्यांनाच विचारलं, "भाऊ, तुम्ही इथंच होता. चेंडू आतून आला का बाजूनं?"

चेंडू बाबांच्या पायाजवळून गेला होता, त्यांच्या धोतराला धूळ लागली होती. ते पंचाकडे पाहत म्हणाले, "माहं ध्यान नव्हतं, साहेब."

"आतून आला!" मी ओरडले. "त्या कोपऱ्यात भोक हाय, बाबांच्या हातात हाय पाहा!"

पंचानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाई, चेंडू द्या आन् मागं सरका," म्हणाला. मागून कोणीतरी हसलं. मायनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं. पंचानं गोल दिला नाही.

मधल्या सुटीत बाबांनी ते भोक शिवलं. पाठीमागून मी त्यांचे हात पाहत होते. भराभर, एकसारख्या गाठी. गावातले दोन म्हातारे दोरीजवळ येऊन उभे राहिले. त्यांनीही पाहिलं होतं सगळं. मला वाटलं, आता हे बोलतील. त्यातला एक म्हणाला, "बरं झालं, पहिली मासोळी नदीले गेली." दुसऱ्यानं हात जोडले. बाबांनी सुतळी दातानं तोडली. त्यांच्या मनात काही खुपतंय असं मला दिसलं नाही. त्यांच्या लेखी सगळं रीतीप्रमाणे झालं होतं, वर जाळ्याची इज्जत राहिली होती.

दुसऱ्या डावात बाजू बदलल्या. हैदराबादनं आमच्या गोलात एक मारला आणि तो जाळ्यात धप्पकन थांबला. सगळ्यांनी जाळ्याला टाळ्या दिल्या, बाबांच्या पाठीवर थापा पडल्या. नागपूरनं पलीकडच्या गोलात एक फेडला. एकास एक. जादा वेळ दिला, तरी काही होईना. अंधार पडायला लागला तशी पंचानं दोन्ही कप्तानांना बोलावलं आणि नाणं उडवलं. हैदराबादचं पडलं.

अशी मी घरी राहिले. आधी भोकातून गेले आणि मग नाण्यावरून. कोणाला हसायचं असेल तर हसा.

परतताना छोट्या गाडीत आमची माणसं गाणी म्हणत होती. दादाच्या गळ्यात हार होता, खेळला नव्हता तरी. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"नागपूर जिंकलं होतं, बाबा. तुमच्यासमोर जिंकलं."

"पंचानं नाई म्हनलं."

"पंचानं तुमाले विचारलं होतं."

बाबा खिडकीबाहेर पाहायला लागले. "चारचौघांत सांगू, का ढिवराच्या जाळ्याले भोक होतं म्हून?" मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "पहिली मासोळी आपली नसतेच, बेटा." मी दादाकडे पाहिलं. तो हाराची फुलं तोडत बसला होता.

जूनमध्ये निकाल लागला. मी पहिल्या वर्गात आले, दादा काठावर पास झाला. ज्या आठवड्यात निकाल लागला त्याच आठवड्यात त्याची ट्रंक बैलगाडीत चढली. शिव्या द्याव्यात असं काही त्यानं केलं नाही, तिथं चांगला खेळला, नाव काढलं. पण पदवी काही त्याला मिळाली नाही. गुडघा गेल्यावर तो गावी परत आला आणि तलाव सांभाळू लागला. त्याच्या कॉलेजात शिकवतात काय, हे तो मला शेवटपर्यंत सांगू शकला नाही. मी विचारायची मुद्दाम.

बाबा वाईट माणूस नव्हते. हे सगळे म्हणतात आणि मीही म्हणते. मला त्यांनी कधी हात लावला नाही, आपल्या ताटातली मरळ माझ्या ताटात टाकायचे. पण त्या मैदानावर त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. जाळ्याची लाज आणि पोरीचं शिक्षण, दोन्ही एकदम त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी मूठ आवळली ती जाळ्यावर. ह्याला मी आजही चूक म्हणत नाही. चूक नकळत होते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा चांद्याहून निरोप आला. जुनी जाळी उंदरांनी खाल्ली होती, नवी पाहिजे होती. मी तोवर गावच्या शाळेत पोरांना शिकवायला लागले होते. शाळेतून आले की अंगणात विणायला बसायची. जाळं संपत आलं त्या दिवशी म्हातारे येऊन बसले होते, नव्या जाळ्याला नारळ फोडायला. बाबांनी खालच्या कोपऱ्यात चार घरं मोकळी सोडली आणि सुई खाली ठेवली.

मी सुई उचलली. त्यांच्या शेजारी बसले आणि पहिलं घर गाठवलं. मग दुसरं. प्रत्येक गाठीवर आणखी एक गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा मारली. माय दारात येऊन उभी राहिली. बाबांनी माझा हात धरायला हात पुढं केला आणि तसाच ठेवला.

"असं करू नोको," ते म्हणाले. "नदी रागावते."

मी चौथी गाठ आवळली आणि सुतळी दातानं तोडली.

"रागावू द्या," मी म्हणाले. "मीबी रागावलीच आहो."